मोठ्या गटात अख्खा दिवस बसून आले; वही एकदाही उघडली नाही

कृष्णाकाठची
आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. लेकीला दिवाळीत पाच पूर्ण झाली, घराजवळच्या बालवाडीत मोठ्या गटात आहे. तिच्या बाई वर्षातून एकदा प्रत्येक आईबाबांना पूर्ण दिवस वर्गात बसायला बोलावतात. काल माझी पाळी होती. जे पाहिलं ते लिहिते, मग प्रश्न विचारते.

नऊ वाजता दाराशीच सुरुवात. चपला जोडीने लावायच्या. मग हजेरी, पण बाई नावं पुकारत नाहीत. टोपलीत प्रत्येकाच्या नावाची पट्टी असते. आपली शोधायची आणि दोरीला चिमट्याने लावायची. पट्ट्या चोवीस. काल तीन टोपलीतच उरल्या. "कोण आलं नाही?" म्हटल्यावर मुलं त्या पट्ट्यांवर वाकली. एक मुलगा म्हणाला, "ही लांब आहे, म्हणजे त्याची. त्याचं नाव मोठंय." तो वाचत होता की ओळखत होता, मला सांगता येणार नाही.

मग गोल करून आवाजाचा खेळ. "माझ्या डब्यात प आहे." पोळी, पोहे, पेरू. एकाने पाणी म्हटलं तर दुसऱ्याने हरकत घेतली की पाणी डब्यात नसतं, बाटलीत असतं. बाईंनी ती हरकत ऐकून घेतली आणि "पण आवाज?" असं विचारलं. तेव्हा सगळ्यांनी पाणी मंजूर केलं.

डब्याआधी दोघादोघांत एक वाटी बेदाणे. सारखे वाटून घ्यायचे. कुणी "एक तुला, एक मला" केलं, कुणी दोन ढीग करून नजरेने मापलं. माझ्या लेकीच्या जोडीत शेवटी एक उरला. त्या एका बेदाण्यावर पाच मिनिटं बोलणं चाललं, मग मधोमध तोडला. नंतर वाळूच्या ताटात बोटाने अक्षर, खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवणं, कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापणं, एक गोष्ट. साडेबाराला घरी.

वही नाही. पेन्सिल फक्त चित्राला.

जावेचा मुलगा याच वयाचा, दुसऱ्या शाळेत आहे. तो एक ते शंभर लिहितो, एबीसीडी लिहितो, रोज दोन पानं गृहपाठ करतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याने सगळ्यांसमोर शंभरपर्यंत म्हणून दाखवलं. माझ्या लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आधी चिंचोके दे, मग मोजते." बायका हसल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

जूनमध्ये पहिली. मला वर्ग मनापासून आवडला, पण भीती जात नाही. वहीशिवाय अक्षरओळख आणि गणित होतं का? तुमच्या मुलांचं काय झालं?

गोडोलीकर
दोरीवरची हजेरी फार आवडली. उद्यापासून आमच्या घरी टॉवेलना हाच नियम.

सेविकाताई_जत
मी जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. ताई, तुमच्या बाईंच्या वर्गात चोवीस पोरं एका वयाची. माझ्याकडं एका खोलीत तीन ते सहा वर्षांची सगळी. मी आणि मदतनीस, दोघीच. त्यात आहार, वजनं, लसीकरणाचा दिवस, मोबाईलवर माहिती भरणं. तरी सांगते, खेळातनं शिकवणं सोपं पडतं, कारण लहान पोरगं मोठ्याला बघून शिकतं.

आमच्याकडं मोजायला ज्वारीची धाटं. सोलून बोटाएवढे तुकडे करते. दहा झाले की सुतळीनं बांधायचे. पोरं त्याला "पेंढी" म्हणतात. एक पेंढी आणि तीन सुटे म्हणजे तेरा, हे त्यांना कुणी पाठ करून घेतलेलं नाही. आहार वाटताना ताटल्या तीच मांडतात. "आज किती ताटल्या कमी?" हा रोजचा हिशेब.

पण खरं दुखणं वेगळंच. घरी न्यायला आलेली आई विचारते, "आज काय लिहिलं?" दिवसभर काय केलं ते कुणी विचारत नाही. म्हणून सुटायच्या आधी मी प्रत्येकाच्या पाटीवर एक अक्षर काढून घेते, आईला दाखवायला. ते मनाला पटत नाही, पण घरच्यांनी पोराला पाठवणं थांबवू नये म्हणून करते.

एमएच११
मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. आम्ही साताऱ्यात. मोठ्याला अशाच खेळाच्या बालवाडीत घातलं होतं. दोन वर्षं मुलगा आनंदात. मग पहिलीला इंग्रजी माध्यम. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं. बाकीच्यांचं पान भरलं, याच्या तीन ओळी. रोज वहीत "अपूर्ण" असा शेरा. तीन महिने शाळेचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायचं, आणि ते सोंग नव्हतं, खरंच दुखायचं.

बालवाडी चांगली होती हे मी आजही म्हणेन. पण पुढची शाळा थांबत नाही, आणि भोगावं लागतं मुलाला. धाकटीला मी लिहून घेणाऱ्या शाळेत घातलंय.

हळदगाव
एमएच११, यात चूक पहिलीच्या शाळेची आहे, बालवाडीची कशी?

एमएच११
चूक कुणाचीही असो, पोट माझ्या मुलाचं दुखलं.

पाटीपेन्सिल
कोरेगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं होते, त्यातली निम्म्याहून जास्त पहिलीच्या वर्गावर. दोन्ही बाजू मी वर्गात पाहिल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

जूनमध्ये मुलं यायची तेव्हा शंभरपर्यंत म्हणणारी पाच-सहा तरी असायची. मी टेबलावर नऊ खडू ठेवून "मला सात दे" म्हणायची. शंभरवाल्यांतली काही जण मोजत मोजत नऊच्या नऊ हातात द्यायची, कारण सातवर थांबायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. कृष्णाकाठची, तुमच्या लेकीने चिंचोके मागितले यात तिला दुसरं काम कळतं हे दिसतं. तुम्ही उठून जायचं काही कारण नव्हतं.

अक्षरांचंही तेच. आपल्या लिपीत मुलाच्या कानाला जो तुकडा ऐकू येतो तोच बहुतेक वेळा कागदावर असतो. म-ट-की, तीन टाळ्या, तीन अक्षरं. ही फार मोठी सोय आहे. "मटकीतला म खाल्ला तर काय उरलं?" असं विचारलं की वर्गभर "टकी, टकी" चालायचं. ज्याचा कान तयार आहे त्याला अक्षर दाखवलं की चिकटतं. कान तयार नसेल तर वर्णमाला गिरवून पानं भरतात, पण शब्द पुढे आला की मूल गप्प.

आणि क-ख-ग या क्रमानेच जायचं असं काही नाही. आम्ही ग, म, भ, न पासून सुरू करायचो, कारण वळण सोपं आणि चारच अक्षरांत मन, मग, नग, नभ, गगन, नमन एवढे शब्द होतात. चार दिवसांत मूल वाचतं. सबंध बावन्न अक्षरं संपेपर्यंत शब्द रोखून धरले तर त्याला कळतच नाही की हे सगळं कशासाठी चाललंय.

अडायचं कुठे, तर भ-म, घ-ध, ब-व. आणि ख, तो र आणि व होऊन बसतो. सगळ्यांत जास्त पहिली वेलांटी. तोंडातून आधी क निघतो, कागदावर आधी वेलांटी येते. मुलं ती उजवीकडे काढतात आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असतं. त्यासाठी शिक्षा झालेली मी पाहिली आहे, वाईट वाटतं.

आता एमएच११ यांचं. तुमच्या मुलाचं जे झालं ते मी खोटं म्हणणार नाही. बोटांची तयारी लागतेच. फक्त ती पेन्सिलनेच होते असं नाही. शेंगा सोलणं, कणीक मळणं, चिमटे लावणं, कात्री, मणी ओवणं, यानेच बोटात जोर येतो. दोरीवरचे ते चिमटे बाईंनी उगाच ठेवलेले नाहीत. पण मोठ्या गटात जानेवारीपासून रोज दहा-पंधरा मिनिटं पाटीवर रेघा, गोल, स्वतःचं नाव एवढं व्हायला हवं असं माझं मत आहे. ते न करता मूल पहिलीत पाठवणं मलाही पटत नाही.

सेविकाताई_जत
बाई, जानेवारीपासून म्हणता, पण आमच्याकडं दिवाळी झाली की कितीतरी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात ती कारखाने बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलात. त्यांची जानेवारी उसाच्या फडात जाते. म्हणून मी सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात उरकायला बघते, आणि जाताना प्रत्येकाला धाटाच्या चार पेंढ्या बांधून देते. गेल्या वर्षी एक पोरगी परत आली तर पेंढ्या गायब. म्हणाली, "चुलीत गेल्या, मग मी उसाची कांडकी मोजली."

पाटीपेन्सिल
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे.

मिरजमेळ
गणिताबद्दल एक मुद्दा राहिला, तो मराठीपुरता आहे. आपली संख्यानावं मुलांना अवघड जातात त्याला कारण आहे. "एकवीस" मध्ये आधी एक ऐकू येतो, लिहायचे आधी २. म्हणून मूल १२ लिहितं. आपण त्याला उलटसुलट म्हणतो, पण त्याने ऐकलं तसंच लिहिलं. "एकोणतीस" तर त्याहून कठीण. तिसाला एक उणा हे मोठ्यांना कळतं, मुलाच्या कानात फक्त तीस पडतो आणि ते ३९ लिहितं. बरं, हा नियम एकोणनव्वदपर्यंत पाळून नव्व्याण्णवला मोडतो. तिथे एकोणशंभर म्हणत नाहीत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं तेव्हा पार विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. लिहिणं आणि बोलणं जुळावं, जोडाक्षरांचा त्रास कमी व्हावा, हा हेतू. मला स्वतःला जुनी नावं जाऊ नयेत असं वाटतं, पावकी-निमकीचे पाढे म्हणणाऱ्या आजोबांचा मी नातू. पण मुलाला अडचण आहे हे त्यांनी उघड मांडलं, आणि त्याची टिंगल झाली याचं मला वाईट वाटलं.

माझ्या मुलीला मी आधी काड्यांचे गठ्ठे दिले. दोन गठ्ठे, एक सुटी. गठ्ठे डावीकडे. मग नाव सांगितलं. तिने फारशी गल्लत केली नाही.

सीमेवरचा
मिरजमेळ, यात आमची गंमत ऐका. आमच्या घरी कानडी. कानडीत २१ ला "इप्पत्तोंदु", म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. २९ ला "इप्पत्तोंबत्तु", वीस आणि नऊ, उणं वगैरे भानगड नाही. माझा मुलगा घरी कानडीत मोजायचा आणि मराठी बालवाडीत गप्प बसायचा. बाईंना वाटलं त्याला अंक येत नाहीत. एकदा त्यांनी सहज "घरी कसं मोजतोस?" विचारलं आणि हा सुरू झाला तो थांबेना. त्या बाईंनी दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाला दहापर्यंत कानडी मोजायला शिकवलं, आणि शिकवायला माझ्या मुलाला उभं केलं. तेव्हापासून तो शाळेला नाही म्हणालेला नाही.

गोडोलीकर
ओंदु, एरडु, मूरु. पुढचं विसरलो.

सीमेवरचा
नाल्कु, ऐदु. या एकदा जेवायला, दहापर्यंत पोचवतो.

वाईची_आजी
आमच्या लहानपणी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायचो, सगळी एकाच्या आकड्यांची. किती एक लागले ते मोजायची चढाओढ. गेल्या वर्षी नातवाकडून काढून घेतली. दहा एक एकसारखे आले नाहीत म्हणून त्याने तीनदा पुसली. माझी आई सांगायची की तिने अक्षरं धुळीत गिरवली. वाळूचं ताट मला त्यामुळे नवीन वाटलं नाही, आपलंच वाटलं.

हळदगाव
आजी, आपलंच आहे. मॉन्टेसरीबाईंची साधनं परदेशी आणि महाग म्हणून बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी चिंचोके, शंख, बिया, पानं वापरली. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं, १९४५ ला आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात. अंगणवाडी हा शब्द तिथला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शेवटपर्यंत ते चालवत राहिल्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीचं हे. सेविकाताईंच्या ज्वारीच्या पेंढ्या थेट त्याच घराण्यातल्या.

सेविकाताई_जत
घराण्यातल्या म्हटलात, आज पोरांना सांगते.

दवाखान्यातून
एक काळजीची सूचना. चिंचोके, मणी, वाटाणे तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका. नाकातला वाटाणा काढायला मुलं नेहमी येतात. खेळ झाला की मोजून डब्यात, झाकण घट्ट. मोजणंही होतं.

प्रशिक्षणार्थी
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं लेखी उत्तर आहे. २०२० च्या शिक्षण धोरणात तीन ते आठ हा सगळा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडी ते दुसरी. ५ जुलै २०२१ ला वाचन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठी सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं. त्यात पहिलीच्या आधीच्या वर्षाची, म्हणजे बालवाटिकेची, अपेक्षा अशी: अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, दहापर्यंतचे अंक ओळखून वाचणं, वस्तू आणि घटना क्रमाने लावणं. नव्व्याण्णवपर्यंत वाचन-लेखन आणि सोपी बेरीज-वजाबाकी ही पहिलीच्या शेवटची अपेक्षा आहे.

म्हणजे पाच वर्षांच्या मुलाने शंभरपर्यंत लिहावं असं सरकारही म्हणत नाही. कृष्णाकाठची, तुम्ही सांगितलेल्या दिवसात यातलं जवळजवळ सगळं आहे. मला एकच विचारायचंय, तुमच्या बाई शब्द वाचायला देतात का? तुमच्या वर्णनात मला तेवढं दिसलं नाही.

एमएच११
हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर शाळेत जाऊन दाखवलं असतं. लिंक नको, हा प्रतिसादच जपून ठेवतो.

पाटीपेन्सिल
जरूर दाखवा. आणि धाकटीला घरी वही देऊ नका, शाळेत भरपूर होतंय. तिला बरोबर घेऊन रस्त्यावरच्या पाट्या वाचा. सातारकर मुलांना मी गाड्यांचे नंबर वाचायला लावायची. एमएच ११ आपली, १० सांगलीची, ५० कराडची. मुलं खिडकीत बसून पाहुणे कुठले ते ओरडून सांगायची.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण बाईंना भेटायला गेले होते. शब्दांचं विचारलं. त्या म्हणाल्या, शब्दपट्ट्यांचा दिवस बुधवार, मी मंगळवारी आले होते. एमएच११ यांचा अनुभवही सांगितला, नाव न घेता. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांची दोन मुलं गेल्या वर्षी अशीच अडखळली, आणि पाटीवरची दहा मिनिटं त्या या सोमवारपासून सुरू करतात. त्या हे मोकळेपणाने बोलल्या म्हणून शाळा बदलायची नाही असं ठरवलं.

घरचं एक सांगते. काल रात्री लेक ताटं मांडत होती. सहा काढली, मग एक परत ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "बाबा कोल्हापूरला गेलाय ना." सासूबाई तिथेच होत्या. काही बोलल्या नाहीत, पण आज सकाळी मटकी-वाटाणा एकत्र करून तिच्यापुढे निवडायला ठेवला.

जावेला हा धागा पाठवलाय. ती वाचतेय एवढंच कळलं.

एमएच११
कृष्णाकाठची, बाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा. आणि साताऱ्यात चिंचोके कुठे मिळतील? दुकानात विचारलं तर चिंच दाखवतात.

सेविकाताई_जत
विकत कशाला घेता. आमच्या आळीत उन्हाळ्यात घरोघरी चिंच फोडतात. डबाभर बाजूला ठेवते, साताऱ्याकडं जाणाऱ्या कुणाच्यातरी हाती पाठवते.